बोर्डावरचं पोट

माफ करा. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. घरच्यांनी कागदावर जे काही लिहिलं ते फक्त आपलं नाव, तेही अर्जाच्या तळाला. लिहायला मोठे विषय असतात, हे मला माहीत आहे. माझा विषय पोट आहे. माझं स्वतःचं, सुटलेलं पोट आणि ते मी कसं कमी केलं. कुणाला हसू आलं तर हसा. त्या दिवशी मीही हसलो होतो.

त्या दिवसापासूनच सांगतो.

कॉलेजच्या जिमखान्याचा हॉल. सकाळची वेळ. आम्ही तीसेक पोरं रांगेत उभी, शर्ट काढून हातात धरलेले. शहरातल्या एका फिटनेस सेंटरनं आमच्या कॉलेजात सहा आठवड्यांचा कार्यक्रम घेतला होता. पोट कमी करायचा. नाव दिलं की झालं. सेंटरचे मालक स्वतः शिकवायला आले होते. सगळे त्यांना मालकच म्हणत. घरचा बागायती ऊस, शहरात बंगला, वडील कुठल्या तरी संस्थेवर संचालक. अंगाला चिकटलेला टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, हातात टेप.

माझा नंबर आला. मालकांनी पोटाला टेप लावली, आकडा सांगितला, टेप काढली. मग पोटावर बोटानं टिचकी मारली. बाजारात कलिंगड बघतात तशी.

"हात काड्या, पाय काड्या, आन् मधी ह्ये काय रं?"

मी पोट आत ओढलं.

"ऱ्हातोस कुठं?"

"सरकारी वसतिगृहात."

"कुठल्या?"

मी सांगितलं. ते वसतिगृह कुणाच्या पोरांसाठी आहे, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

"आत्ता कळलं." मालक रांगेकडं वळले. "फुकटचं घावलं की पोट सुटतंयच की!"

हॉल हसला. मला वाटलं, झालं, आता पुढचा. पण मालक खाली वाकले.

"आन् ह्ये डाग कसलं?"

माझ्या बेंबीच्या वर तीन डाग आहेत. कडेचे दोन सरळ, मधला वाकडा.

"लहानपणी दिलेत."

"कशानं?"

"विळ्यानं. तापवून."

"ए पोरांनो, या की बघायला! आमच्यात गुरांस्नी डाग देत्यात. ह्यांच्यात पोरांस्नी!"

पोरं आली. काही वाकून बघत होती. मालकांनी मोबाईल काढला. "हलू नको. रेकॉर्डला पायजे." फोटो निघाला.

तेव्हा मी हसलो. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. मला राग आला नाही, रडू आलं नाही. अंग बधिर झालं होतं. दाढ काढताना गाल बधिर होतो आणि आपलाच गाल आपल्याला दुसऱ्याचा वाटतो, तसं. ते पोट माझं नव्हतंच. म्हणून मीही सगळ्यांबरोबर त्याला हसलो.

नंतर टेबलावर फॉर्म भरायचा होता. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मला इंग्रजी वाचता येतं, पण हळू. पाठीमागं रांग होती. टेबलावरच्या माणसानं खाली फुली मारली आणि म्हणाला, "इथं."

आमच्यात सही अशीच करतात. फुली मारलेली असते, तिथं सही करायची. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कामाला लागताना तशीच केली. आईनं दवाखान्यात तशीच केली. वाचत बसलं की खिडकीपलीकडचा माणूस विचारतो, "विश्वास न्हाय काय?" विश्वास नाही असं म्हणायची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

मी फुलीवर सही केली.

आता मी तिथं गेलो का, ते सांगतो. मला शर्ट इन करायचा होता. एवढंच.

आमच्या घरात शर्ट इन करणारा माणूस एकच. तो भिंतीवरच्या फोटोत आहे, निळ्या कोटात. आजोबांनी धर्म बदलला त्या वर्षापासून तो फोटो भिंतीवर आहे. घर दोनदा पडलं, दोनदा बांधलं, फोटो तोच. लहान असताना मी आईला विचारलं होतं, "ह्यांचा शर्ट आत कसा ऱ्हातोय?" आई म्हणाली, "शिकल्यावर ऱ्हातोय." मला ते खरं वाटलं होतं. मी शिकलो. कॉलेजात आलो. आरशासमोर शर्ट आत खोचला. खाली पोट पुढं आलं, पोतं बांधल्यासारखं. शर्ट परत बाहेर काढला. दोन वर्षं बाहेरच होता. वर्गात निबंध वाचायला उभं राहायचं असलं तर मी वही पोटाशी धरायचो.

डागांचं असं. मी दोन वर्षांचा असताना माझं पोट फुगलं. हातपाय वाळलेले, पोट नगाऱ्यासारखं. आमच्या गडहिंग्लजकडच्या गावात तेव्हा बाया म्हणायच्या, पोटावर डाग दिला की उतरतंय. एक म्हातारी डाग द्यायची. आईनं तिच्या हातात मला दिलं नाही. म्हणाली, भाजायचंच तर मी भाजते. शेजारणीनं माझे पाय धरले. पहिला डाग सरळ बसला. दुसऱ्याला मी पाय सोडवून घेतला आणि झाडला, म्हणून मधला वाकडा. तिसरा परत सरळ. मला यातलं काही आठवत नाही. आईला आठवतं. मी उघडा अंघोळीला बसलो की ती आजही दुसरीकडं बघून पाणी ओतते.

कार्यक्रमात खाण्याची वही ठेवायची होती. रोज काय खाल्लं ते लिहायचं, शनिवारी दाखवायची. पहिल्या शनिवारी मी खरं लिहून नेलं. सकाळी चहा, चपाती. दुपारी भात, आमटी. रात्री भात, आमटी. मालकांनी वही घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागले. सोमवार, भात-आमटी. मंगळवार, भात-आमटी. बुधवारी पोरांनी साथ धरली. "भात-आमटी! भात-आमटी!" गुलाल उधळताना ओरडतात तशा आवाजात.

दुसऱ्या शनिवारी मी खोटं लिहिलं. शेजारच्या पोराच्या वहीत बघून. अंडी, काकडी, ओट्स.

"वा!" मालक म्हणाले. "ओट्स खाल्लंस?"

"व्हय."

"कशात घालून?"

मी ओट्स कधी बघितले नव्हते.

"आमटीत," मी म्हणालो.

पुढचं लिहीत नाही. मालकांना डोळे पुसावे लागले, एवढं सांगतो.

बाहेर पायरीवर विक्रांत आला. माझ्याच वर्गातला, जोतिबाचा. डोंगरावर त्याच्या वडिलांचं गुलाल-नारळाचं दुकान आहे. तोही रांगेत असायचा, तोही जाड. माझ्याशेजारी बसला.

"मी बी हसलो रं," तो म्हणाला. "चुकलं."

"ऱ्हाऊ दे."

"माझं पोट बघ की. सगळं देवाचं खोबरं हाय ह्यात. मला कोण फुकटचं म्हणलं न्हाय."

मी त्याच्याकडं बघितलं. तो विनोद करत नव्हता. त्याच्या लक्षात आलं होतं. माझ्या आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वसतिगृहात तपासणीला डॉक्टरबाई आल्या. माझे दंड बघितले, पोट बघितलं, डागही बघितले. डागांबद्दल काही विचारलं नाही. काय जेवतोस विचारलं. मी परत तेच सांगितलं, भात-आमटी. मी हसण्याची वाट बघत होतो. बाई हसल्या नाहीत.

"हे जास्त खाऊन झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "एकच एक खाऊन झालंय. आणि दिवसभर बसून."

मी खोलीवर आलो आणि कॉटवर बसलो. बाईंचं वाक्य डोक्यातून जाईना. माझं पोट दोनदा मोठं झालं. एकदा दोन वर्षांचा असताना, एकदा आता. तेव्हा ताटात काही नव्हतं. आता ताटात भाताशिवाय काही नव्हतं. पहिल्या वेळी आईनं मला डाग दिले. दुसऱ्या वेळी मालकांनी. आणि दोन्हीबद्दल मला वाटत आलं होतं, खोट माझ्यातच आहे.

राग तेव्हाही आला नाही. फक्त एक गोष्ट कळली, आणि कळल्यावर परत न कळल्यासारखं करता येईना.

मी पोट कमी करायचं ठरवलं. मालकांसाठी नाही.

वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या आक्का सीमेपलीकडच्या, निम्मं कानडी बोलणाऱ्या. मी त्यांना म्हणालो, "आक्का, मला भात अर्धा वाढा. त्याच्या बदली भाकरी मिळंल काय?"

"का रं? माझा भात कडू लागला व्हय?"

"पोट कमी करायचंय."

आक्कांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "पोट न्हवं ते, बटाट्याचं पोतं हाय," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःसाठी थापलेल्या भाकरीतली एक मला देऊ लागल्या. नाव ठेवण्यातही फरक असतो. हे मला तिथं समजलं.

मटकी मी रात्री भिजत घालायचो, सकाळी ओल्या फडक्यात बांधून खिडकीच्या गजाला टांगायचो. दुसऱ्या दिवशी मोड. त्यात कांदा, मीठ. साखरेच्या तीन चहांऐवजी एकच ठेवला, बिनसाखरेचा. पहिले चार दिवस तो चहा औषधासारखा लागला. दुपारी ताक मिळालं तर ताक. आमटी तळातून ढवळून वाढा, असं आक्कांना सांगायला शिकलो. डाळ तळाला असते. इतकी वर्षं मी वरचं पाणी पीत होतो. तळातून वाढा म्हणायची लाज वाटायची.

सकाळी विक्रांत आणि मी रंकाळा तलावाला फेरी मारायचो. पहिल्या दिवशी मधे दोनदा बसलो. नंतर न बसता एक फेरी. नंतर भरभर. ग्रंथालयात व्यायामाचं पुस्तक मिळालं, त्यात लिहिलं होतं की नुसते पोटाचे व्यायाम करून पोट जात नाही, सगळं अंग हललं पाहिजे. मग जोर, बैठका. कोपरांवर अंग ताठ धरून राहायचं, फळीसारखं. विक्रांत मोजायचा आणि मुद्दाम हळू मोजायचा. "बावीस... थांब, विसरलो... एकवीस..." मी हसून खाली पडायचो. एका रविवारी त्याच्या घरी गेलो होतो, तेव्हा डोंगर पायीच चढलो. वर पोचल्यावर त्याच्या आईनं पेढा पुढं केला. मी अर्धा घेतला. अर्धा विक्रांतनं खाल्ला आणि म्हणाला, "बघ, तुझ्यापायी मी जाड हाय."

वहीत मी परत खरं लिहायला लागलो. भात अर्धा. भाकरी एक. मटकी. भात-आमटी जिथं होती तिथं भात-आमटीच लिहिली. मालक वाचायचे, पोरं ओरडायची, मी ऐकायचो. कानावरून जायचं. चौथ्या शनिवारी मालकांनी सगळ्यांना एकेक कागदी पेला दिला. करड्या रंगाचं काहीतरी, वर पुदिन्याचं पान. "नाचणीचं ड्रिंक. मुंबईत लई चालतंय." मी प्यालो. आंबील होती. आमच्या वस्तीत बाया ती डब्यात घालून दुसऱ्याच्या शेतात न्यायच्या, बांधावर पदराआड बसून प्यायच्या. कुणी बघू नये म्हणून. मी पेला खाली ठेवला. पानासकट.

पोट मापायला माझ्याकडं आण्णांचा जुना पट्टा होता. कार्यक्रम संपेपर्यंत मी पहिल्या भोकावरून तिसऱ्या भोकावर आलो. पोट पार सपाट झालं असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायचं मी सोडलंय. पण शर्ट आत राहायला लागला. पहिल्या दिवशी शर्ट इन करून मी जेवणघरात गेलो तर आक्का म्हणाल्या, "कोण पावणं आल्यात?" आणि मला तळातून आमटी वाढली.

शेवटचा शनिवार. हॉलमध्ये पांढरा पडदा लावलेला, दिवे, कॅमेरावाला. एकेकानं पडद्यापुढं उभं राहायचं आणि शर्ट वर करायचा. विक्रांतनं केला. त्याला मी बोल लावत नाही. त्याच्यासाठी तो फक्त शर्ट होता.

माझी पाळी आली. मी शर्ट इन करून उभा होतो.

"काढ की भाईर," मालक म्हणाले.

"न्हाय."

असं मी पहिल्यांदाच म्हणालो. कुणालाही. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"अरं, आता तर दाखवायसारखं झालंय!"

"दाखवायला न्हाय केलं."

"मग कशाला केलंस?"

"शर्ट इन करायला."

पोरं हसली. या वेळी मी हसलो नाही. एवढाच फरक होता. पण माझ्या पायाला तो जाणवत होता. पाय फरशीवर नीट टेकले होते.

मालकांचा चेहरा बदलला. "फॉर्मवर सही केलीयास तू. आन् पयल्या दिवसाचा फोटो हाय माझ्याकडं. तू दे नायतर देऊ नको."

मला ते समजलं नाही. मी हॉलच्या बाहेर आलो. उन्हात उभा राहिलो. मला जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. भूक लागली होती. खोलीवर जाऊन मटकी खाल्ली.

ह्याला आता चार महिने झाले. मला वाटलं होतं, संपलं. हे लिहायचंही नव्हतं. मागच्या रविवारी बातमी आली, म्हणून लिहितोय.

धाकट्या बहिणीचा, पूनमचा फोन आला. ती दहावीला आहे.

"दादा, आई सांगू नको म्हणलीया. पर सांगतो."

गडहिंग्लजला स्टँडासमोर मोठा डिजिटल बोर्ड लागलाय. त्या सेंटरची शाखा निघालीय तिथं. बोर्डावर दोन पोटं आहेत. तोंडं नाहीत, गळ्यापासून वर कापलेली. डाव्या पोटाखाली लिहिलंय, असं होतं. उजव्या पोटाखाली, असं झालं.

"डावं तुझं हाय," पूनम म्हणाली.

"कशावरनं?"

"मी न्हाय वळखलं. आईनं वळखलं. मधला डाग वाकडा हाय."

मी विचारलं, "उजव्यावर डाग हाईत काय?"

"एक बी न्हाय. लई गुळगुळीत हाय."

म्हणजे ते कुणा दुसऱ्याचं. कदाचित कधीच न सुटलेलं. माझी भाकरी, माझी मटकी, रंकाळ्याच्या फेऱ्या, तिसरं भोक, यातलं काही त्या बोर्डावर नाही. मी तिथं कायमचा 'असं होतं' आहे.

आई पूनमला घेऊन आठवड्याच्या बाजाराला गेली होती. एसटीची वाट बघत दोन पोरं बोर्डाखाली उभी होती. एक म्हणाला, "डाग दिल्यालं रेडकू दिसतंय रं." आईनं वर बघितलं. बघतच राहिली. मग भाजीची पिशवी खाली ठेवली आणि सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या लेकाचं हाय ते. डाग मी दिल्यात. माझ्या घरात अन्न न्हवतं म्हणून फुगलं हुतं. तुमी कशाला हसताय?"

माझी आई. जी आजही दुसरीकडं बघून माझ्या अंगावर पाणी ओतते.

घरी येऊन 'दादाला सांगू नको' एवढं ती पूनमला म्हणाली, मग आठ दिवस कुणाशी बोलली नाही. जेवली, कामाला गेली, आली, भिंतीला टेकून बसली. नवव्या दिवशी पूनमला तिनं एकच विचारलं. ते सांगायलाच पूनमनं फोन केला होता.

"आई म्हणती, सगळं पोट दावलंय, मग बोर्डावर त्येचं तोंड का न्हाय?"

फोन ठेवल्यावर अंगाचा बधिरपणा हळूहळू उतरायला लागला. दाढ काढून आल्यावर दुखायला लागतं तसं. आता दुखतंय. दुखू दे.

उद्या सकाळी सेंटर उघडतं. मी शर्ट इन करून जाणार आहे. माझा फॉर्म मागणार आहे आणि तिथंच टेबलाशी उभा राहून त्यातली ओळ न् ओळ वाचणार आहे. हळू. मागं कितीही रांग असू दे. मग बोर्ड उतरवा म्हणून सांगणार आहे. नाही उतरवला तर गडहिंग्लजची एसटी धरणार आहे, आईला बोलावून घेणार आहे आणि त्या बोर्डाखाली, डाव्या बाजूला, आईशेजारी उभा राहणार आहे.

तोंडासकट.